दोराचं शिल्प: कळीचं बूड झालं, आता पाकळ्या

मंडळी, कळीचं खालचं अंग गाठून पूर्ण झालं. उंची साधारण दीड फूट, 6 मिमीचा तागाचा दोर, आत सळईची दोन कडी. वेल्डिंगवाल्याकडून कडी आणल्यावर आधी रेड ऑक्साइडचा हात मारला, म्हणजे गंज दोरात उतरत नाही.

नव्याने आलेल्यांसाठी सांगते, हा सगळा नाद शिल्पकार मृणालिनी मुखर्जींमुळे लागला. जन्म 1949चा, मुंबईतला. शिक्षण बडोद्याला, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली. 1970च्या दशकापासून त्यांनी हेम्पचे (तागासारख्याच एका धाग्याचे) दोर गाठून शिल्पं केली. आधी भिंतीवर टांगायची, मग भिंत सोडून स्वतंत्र उभी राहणारी. 1984ची ‘यक्षी’ तर माणसाहून उंच आहे. माग नाही, कच्चं रेखाटन नाही. बोटं, आणि लागेल तिथे आत धातूचा सांगाडा. 2019 साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, पण ते बघायला त्या नव्हत्या, 2015मध्येच गेल्या.

त्यांच्या कामाचे फोटो मोठे करून बघितले की एक गोष्ट ठळक दिसते. गाठींचे प्रकार मोजकेच आहेत. मॅक्रमेच्या, म्हणजे दोर गाठून वस्तू करायच्या कलेच्या वर्गांत नवनव्या गाठी शिकवायची जी हौस असते, तिचा इथे काही उपयोग नाही. सगळा खेळ दाटपणाचा आहे.

बुडासाठी मी फक्त चौकोनी गाठ वापरली, एकाआड एक दोर घेऊन. गाठींच्या ओळी खेटून घेतल्या की भिंत ताठ उभी राहते. बोटभर अंतर सोडलं की तीच भिंत जाळी होऊन लोंबते. शिंकी आणि बैलांच्या मुसक्या गाठणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नसेल! घेर वाढवायला कडीवर नवे दोर दुमडून अडकवले. आवळताना मधले दोर आत सोडून दिले. ते आत भरावासारखे राहतात आणि पोटाला गोलाई येते.

पाकळ्यांना मात्र डबल हाफ हिच, म्हणजे एका दोरावर दुसरा दोन वेढे देऊन आवळायची गाठ. आडव्या धावत्या दोरावर गाठी दाटीने कोंबल्या की कडेला जागा पुरत नाही, ती आपोआप मुरडते. तारेने वाकवलेल्या कडेपेक्षा ही मुरड कितीतरी जिवंत दिसते, असं माझं ठाम मत. दोर मात्र भरपूर खातो. तयार लांबीच्या पाच-सहा पट कापून ठेवा, जोड देत बसण्यापेक्षा बरं.

रंग जांभळट विटकरी ठरवलाय. ताग मुळातच पिवळसर तपकिरी, त्यामुळे कुठलाही रंग थोडा मळकट उतरतो. या कळीला ते चालेल. ऊन लागलं की फिका पडतो, म्हणून खिडकीपासून लांबची जागा बघून ठेवलीय. पावसाळ्याच्या आत हे आटपायला हवं, ओलसर ताग बुरशी फार लवकर धरतो.

कुणी 6 मिमीचा दोर गाठण्याआधी रंगवलाय का? पिळाच्या आतपर्यंत रंग पोचायला किती वेळ उकळलात, तेवढं लिहा.