पातेल्याच्या बुडाशी ६४०

माझ्या लेकीला टाइप १ मधुमेह आहे. ताटातल्या जेवणात कर्बोदकं किती, यावर तिच्या प्रत्येक वेळच्या इन्सुलिनचं प्रमाण ठरतं. किती ग्रॅम कर्बोदकांना किती इन्सुलिन, हे डॉक्टरांनी बांधून दिलंय, पण ताटातला आकडा काढणं आमचं काम. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर ‘एक भाकरी’, ‘एक वाटी वरण’ असं शोधलं की आकडा मिळतो, पण ती भाकरी कोणाची आणि ती वाटी केवढी? आमच्या अमळनेरच्या घरात वाट्याच तीन मापाच्या आहेत. पुण्यातल्या मऊ भाकरीचा आकडा आमच्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीला लावून मी मुलीला सुई टोचणार नाही.

म्हणून आम्ही घरचंच गणित बसवलं. शिजायच्या आधी प्रत्येक जिन्नस कोरडा, कच्चा मोजायचा. पदार्थ तयार झाला की सगळं भांडं काट्यावर ठेवायचं आणि त्यातून रिकाम्या भांड्याचं वजन वजा करायचं. कच्च्या जिनसांतली एकूण कर्बोदकं भागिले तयार पदार्थाचं वजन. ताटात जेवढे ग्रॅम वाढले, तेवढ्याने गुणायचं. पाणी आटलं काय, जास्त पडलं काय, हिशेब आपोआप जुळतो.

वरणाचंच बघा. तुरीच्या १०० ग्रॅम डाळीत साधारण ५५ ग्रॅम कर्बोदकं. २०० ग्रॅम डाळ लावली तर ११० झाली. वरणासकट पातेलं भरलं १७४० ग्रॅम, रिकामं पातेलं ६४०, म्हणजे वरण ११०० ग्रॅम. शंभर ग्रॅम वरणात दहा. तीच डाळ दुसऱ्या दिवशी घट्ट राहून ८०० ग्रॅमच भरली तर शंभर ग्रॅममध्ये जवळपास चौदा. वाटी तीच, आकडा मात्र निराळा. ‘एक वाटी’ या मापावर माझा विश्वास नाही, तो यामुळेच.

रिकाम्या भांड्याचं वजन दर वेळी शोधत बसावं लागू नये म्हणून मी आमच्या रोजच्या वापरातली पातेली, कढई आणि कुकरचे डबे भांड्यांवर नाव टाकणाऱ्याकडे नेले. लग्नातल्या भांड्यांवर सासऱ्यांचं नाव आहेच, त्याच्या खाली बुडाशी वजन कोरून घेतलं. आता घरात कोणीही स्वयंपाक केला तरी वजाबाकी करता येते. ज्यांच्या घरी असं पथ्य आहे त्यांनी हे जरूर करावं.

जिनसांचे आकडे मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांतून घेते. त्यात आपल्याकडचीच धान्यं, डाळी, भाज्या आहेत आणि तंतू (फायबर) वेगळे काढून कर्बोदकं दिली आहेत. अमेरिकी तक्त्यांत बहुधा तंतूही कर्बोदकांतच धरलेले असतात. अ‍ॅपमध्ये दोन्हींची सरमिसळ होते. ज्वारी, उडीद अशा भरपूर तंतूंच्या धान्यांत हा फरक चांगलाच जाणवतो.

आता कळणा. आमच्याकडे ज्वारीत सालासकट उडीद घालून दळून आणतात. सासूबाई उडीद ओंजळीने टाकायच्या. हिशेबाला ते चालणारं नव्हतं, म्हणून दळण गिरणीवर जायच्या आधी चार किलो ज्वारी आणि एक किलो उडीद असं काट्यावर ठरवलं. पहिल्यांदा स्वयंपाकघरात काटा आला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “पोर भुकी शे, आन् तू काटा मांडी बसनी!” त्यांची ओंजळ आणि मी ठरवलेलं माप चवीला सारखंच लागतं, हे त्यांनी स्वतः खाऊन कबूल केलं. या पिठाच्या १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं ६३ च्या आसपास येतात. ३०० ग्रॅम पिठाच्या भाकरी थापल्या, भाजल्यावर सगळ्या मिळून ४५० ग्रॅम भरल्या. म्हणजे शंभर ग्रॅम भाकरीत ४२. आमची भाकरी नव्वद ग्रॅमची, तिच्यात ३८. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते उडदातून भरून निघतं. वाढत्या पोरीसाठी ही भाकरी मला म्हणूनच फार मोलाची वाटते.

भरताचं वांगं मी काटेकोर मोजत नाही. वांग्यात कर्बोदकं अगदी थोडी. दाणे तेवढे मोजते.

शेवभाजीला मात्र जपायला लागतं. शेव रश्शात आधीच टाकली तर ती रस्सा पिऊन फुगते आणि कोणाच्या ताटात किती गेली ते कळत नाही. म्हणून लेकीची कोरडी शेव वाटीत वेगळी मोजायची आणि वरून रस्सा घालायचा. सुटी शेव आणली तर पुड्यावर काहीच छापलेलं नसतं, त्यामुळे आम्ही घरीच पाडतो. ५०० ग्रॅम बेसनात साधारण २३५ ग्रॅम कर्बोदकं. तळल्यावर शेव ७०० ग्रॅम भरली तर शंभराला ३३-३४. तेल कितीही प्यायली तरी तेलात कर्बोदकं नसतात, ती फक्त बेसनातली. ज्यांना कॅलरी मोजायच्या आहेत त्यांनी तळायच्या आधी आणि नंतर कढईतल्या तेलाचंही वजन घ्यावं, कारण एक ग्रॅम तेलाच्या नऊ कॅलरी होतात. आणि तर्री वर तरंगते, म्हणून रस्सा तळापासून ढवळूनच वाढावा. तेल जास्त गेलं की रक्तातली साखर उशिरा चढते, हेही लक्षात ठेवावं लागतं.

केळं सोलून मोजायचं. साल तिसऱ्या हिश्शाइतकी असते. सोललेल्या शंभर ग्रॅम केळ्यात २३ च्या आसपास. जळगाव जिल्ह्यात राहून केळं बंद कसं करणार?

सगळ्यांत मोठी धास्ती होती आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. खापरावरचे मांडे, म्हणजे मातीच्या खापरावर भाजलेल्या मोठ्या पुरणपोळ्या, आणि आमरस, सणाचं ताट तेच. पाहुण्या बायका म्हणाल्या, पोरीला या वर्षी नको देऊ. मला ते पटलं नाही. अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, अर्धा किलो गूळ, चारशे ग्रॅम कणीक, सगळं आधी मोजून ठेवलं. डाळीचे २३५, गुळाचे ४२५, कणकेचे २५५, मिळून ९१५. झालेले सगळे मांडे एकत्र काट्यावर ठेवले तर १९०० ग्रॅम. म्हणजे मांड्याच्या वजनाच्या जवळपास निम्मी कर्बोदकं. ऐंशी ग्रॅमचा तुकडा धरला तर ३८-३९, जवळजवळ एका कळण्याच्या भाकरीइतकी. आमरस साखर न घालता, शंभर ग्रॅमला पंधरा धरून. खापरापाशी बसलेल्या सासूबाई पहिला मांडा उतरवून म्हणाल्या, “आधी मोज, मंग वाढसू.” लेकीने तिचा ऐंशी ग्रॅमचा तुकडा आणि वाटीभर रस सगळ्यांबरोबर पंगतीत बसून खाल्ला.

तुमच्या घरी कळण्यात बाजरी असेल किंवा मांड्यात गुळाऐवजी साखर असेल, तर माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका. पीठ, डाळ आणि भांडं तुमचं तुम्ही मोजा.