व्हरोआवर दोन आम्ले, चार महिन्यांच्या अंतराने

निफाडजवळच्या आमच्या मळ्यात मेलिफेरा मधमाश्यांच्या १२ पेट्या आहेत. ऑगस्टच्या सुरुवातीला एका पेटीच्या दाराशी पंख चुरगळलेल्या कोवळ्या माश्या सरपटताना दिसल्या. पिलाव्याच्या (अंडी-अळ्या असलेल्या) चौकटीवर राणी नसल्याची खात्री करून मी तिच्यावरील अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माश्या जाळीच्या बरणीत घेतल्या आणि पिठीसाखर घालून घोळवल्या. ताटलीत पडलेल्या साखरेवर पाणी शिंपडताच व्हरोआ नावाचे तांबूस, चपटे परजीवी कोळी उघडे पडले. मोजले, तर १७ भरले. शेकडा ३ झाले तरी उपचार लांबवू नये, असे मानतात.

धास्तावून मी फ्लुव्हॅलिनेट या कोळीनाशकाच्या पट्ट्या आणि फॉर्मिक आम्ल एकाच दिवशी लावणार होतो. शेजारच्या गावातील जुन्या मधपाळ काकांनी मला अडवले. "अरे, माशीलाही श्वास घ्यायचा असतो. एक संपव, मोजणी कर, मग दुसरे," असे ते म्हणाले.

त्यांचे म्हणणे मला पटले. सुरुवात फॉर्मिकने करायचे ठरवले, कारण व्हरोआची वीण मेणाने बंद झालेल्या घरात होते आणि तिथवर पोचते ती फॉर्मिकची वाफ. ऑक्झॅलिक आम्ल मात्र केवळ माश्यांच्या अंगावरील कोळी मारते. फॉर्मिकला ३० अंशांवरचे ऊन चालत नाही, राणी दगावते. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हाची वाट न पाहता श्रावणातल्या ढगाळ दिवसांतच, हातमोजे आणि चष्मा घालून, मी ते दिले. तेव्हा पेट्यांत काढण्याजोगा मधही नव्हता. तरीही एक राणी गेली, त्याचे वाईट आजही वाटते. मधेच उघडीप पडली, तेव्हा मी औषध काढून घ्यायला हवे होते.

आमच्याकडे थंडीतही पिलावा थांबत नाही, त्यामुळे नुसते ऑक्झॅलिक अपुरे पडते. डिसेंबरमध्ये मी प्रत्येक राणी २४ दिवस पिंजऱ्यात ठेवून तिचे अंडी घालणे थांबवले. कामकरी माशी २१ दिवसांत आणि नर २४ दिवसांत घराबाहेर येतो, म्हणजे लपायला बंद घर उरत नाही. मग समभाग साखरपाण्याच्या १ लिटर पाकात ३५ ग्रॅम ऑक्झॅलिक विरघळवून चौकटींमधील माश्यांनी भरलेल्या प्रत्येक फटीत ५ मिलि सोडले, तेही एकदाच. फ्लुव्हॅलिनेटच्या पट्ट्या मात्र न वापरता तशाच राखून ठेवल्या आहेत. वर्षानुवर्षे तेच औषध वापरले, तर कोळी त्याला दाद देत नाहीत.

फेब्रुवारीत पेट्या कांद्याच्या डेंगळ्यांत नेण्यापूर्वी त्याच पेटीतील ३०० माश्या पुन्हा साखरेत घोळवल्या, तेव्हा ताटलीत २ कोळी होते.