बेळे की बेऽळे?

बेळगावच्या टिळकवाडीत संध्याकाळी मी बोली कन्नडचा वर्ग घेते. येणारे बहुतेक चाळिशीपुढचे. त्या गुरुवारी चंदगडकडचे एक बियाणं-विक्रेते तणतणतच आले. सौंदत्तीजवळ एका शेतकऱ्याला त्यांनी "पीक कसं आहे?" असं कन्नडमधून विचारलं, तर तो म्हणाला, डाळ दुकानात मिळेल.

"मॅडम, मी पिकाचंच विचारलो की!"

पीक म्हणजे 'बेळे', पहिला ए ऱ्हस्व. तो लांबला की 'बेऽळे', म्हणजे डाळ. कन्नडमध्ये ए आणि ओ दोन-दोन, आपल्याकडे एकेकच. त्यांच्या वहीत दोन्ही शब्द सारखेच लिहिलेले. मराठी बाराखडीत दुसरा ए आणायचा तरी कुठून? मी अवग्रह, म्हणजे लांबवण्याची ऽ ही खूण, सुचवला, तर गृहस्थ ताना घ्यायला लागले.

मग वीस शेंगदाणे दिले. मी शब्द म्हणायचा, त्यांनी पिकाला डावीकडे, डाळीला उजवीकडे दाणा ठेवायचा. अकरा बरोबर. छापा-काटा केला असता तरी तेवढेच आले असते. दोन महिने मी त्यांच्या जिभेच्या मागे लागले होते, आणि घोडं अडलं होतं कानाशी! 1984 मध्ये वर्कर आणि टीज या संशोधकांनी दाखवलं होतं, की इंग्रजी बोलणाऱ्या घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले त आणि ट वेगळे ओळखतात. वर्षाची होईतो बहुतेकांची ती ओळख पुसट होते. इथं तर सेहेचाळीस वर्षांचा कान.

तेवढ्यात चहाचे कप न्यायला अक्का आल्या. त्या बैलहोंगलकडच्या. सहज विचारलं, डाळीला काय म्हणता?

"ब्याळी."

आणि पीक?

"बेळी."

गृहस्थ उठूनच उभे राहिले. "हे ऐकू येतंय की!"

आमच्या भागात दीर्घ ए असा 'ब्या'कडे झुकतो, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच. पण वर्गात मी पुस्तकी कन्नडला चिकटून बसले होते. अक्कांना बसवून घेतलं. आधी त्यांचा आवाज, मग फोनवर माझ्या नणंदेचा, मग माझा, आणि सगळ्यात शेवटी पुस्तकातलं 'बेऽळे'. सोळा बरोबर. दोन दाणे त्यांनी मध्येच खाल्ल्यामुळे हिशेब तितकासा पक्का नाही.

सोमवारी शेतावरून फोन. "निम्म बेळी हेंग ऐतरी म्हणून विचारलो मॅडम, तर दहा मिनिटं सांगत होते. मला 'हत्ती' तेवढं कळलं. म्हणजे कापूसच ना?"