आमची वाटचाल : ‘कॅमेरा कुठला?’

1978 साली वडिलांनी कराडात स्टुडिओ टाकला. एक याशिका 635 कॅमेरा, एक एनलार्जर (निगेटिव्हवरून फोटो मोठा करून छापायचं यंत्र) आणि काळे पडदे लावून केलेली डार्करूम, एवढंच भांडवल. 120 च्या फिल्म रोलवर 12 फोटो. लग्नाला दोन रोल, म्हणजे 24 वेळाच बटण दाबायचं. मी मागे फ्लॅश धरून उभा असायचो. पुढे निकॉन एफएम2 आला. त्याचा सेल संपला तरी फक्त उजेड मोजायचं मीटर बंद पडायचं, शटर चालूच. तो आजही कपाटात आहे आणि चालतो.

मधली वर्षं बरी गेली. 2009 मात्र अजून सलतं. समोरच्या गाळ्यात नवा स्टुडिओ आला. दारावर कॅनन फाइव्ह डी मार्क टूचं मोठं चित्र, खाली ‘21 मेगापिक्सेल’. आमच्याकडे निकॉन डी90, 12 मेगापिक्सेलचा. लोक दर विचारायच्या आधी विचारू लागले, “कॅमेरा कुठला?” उत्तर ऐकून उठायचे. ज्यांच्या बारशापासूनचे फोटो वडिलांनी काढले, तेही उठले. त्या सीझनला निम्म्याहून जास्त ऑर्डरी गेल्या, हाताखालच्या पोराचा पगार थकला.

टिकून राहिले ते हायस्कूलचे गुरुजी. दहावीचा ग्रुप फोटो दरवर्षी आमच्याकडेच. त्यांच्या मुलीच्या लग्नात वधूकडून आम्ही, वराकडून समोरचे. मंडपाला गुलाबी कापड होतं, ते मी आदल्या संध्याकाळीच बघून आलो होतो. समोरच्यांनी फ्लॅश छताकडे वळवला आणि सगळे चेहरे गुलाबी. मी पोराच्या हातात पांढरा थर्माकोल दिला आणि उजेड त्यावरून घेतला. अंतरपाट कोण धरणार, हे भटजींना आधीच विचारून ठेवलं होतं. ‘तदेव लग्नं’ सुरू होताच त्या माणसाच्या खांद्याशी जागा धरली. अंतरपाट सरकला, मुलीनं डोळे वर उचलले. एकच फ्रेम. तो फोटो वरपक्षानंही आमच्याकडूनच मागून नेला. करिझ्मा अल्बमच्या (जाड छापील पानांच्या) 12 बाय 36 इंची पानावर तो लागला, तेव्हा मेगापिक्सेल कुणी विचारले नाहीत.

रात्रीच्या रिसेप्शनचे फोटो त्यांचे जास्त स्वच्छ होते, हेही सांगतो. त्यांच्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, मोठा; कमी उजेडात तो भारी पडतोच. पण लग्न लागतं ते मुहूर्तावर, आणि तिथे कुठे उभं राहायचं हे कंपनी शिकवत नाही.

या धंद्यात येणाऱ्या पोरांनो, महागड्या बॉडीसाठी, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यासाठी, कर्ज काढू नका. आधी फ्लॅश आणि 50 एमएमची चांगली लेन्स घ्या, मग दुसरी बॉडी, जुनी चालेल. बॉडी बंद पडली म्हणून मंगलाष्टका थांबत नाहीत. दोन मेमरी कार्डं खिशात ठेवा, आणि घरी आल्यावर जेवायच्या आधी फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

समोरच्या गाळ्यात आता मोबाइल दुरुस्ती चालते. गुरुजी रिटायर झालेत. गेल्या महिन्यात नातीला घेऊन पासपोर्ट फोटोला आले होते. पोरीची हनुवटी सारखी वर जात होती, तीन वेळा काढावा लागला. गुरुजी शांत बसून होते.