तुम्ही विचारलंत म्हणून: कॅनडाच्या पीआरवर अमेरिकेचा टीएन मिळतो का?

जळगाव, भुसावळ, शिरपूर या भागातून हा प्रश्न सारखा येतो: मुलगा टोरांटोला पीआरवर (कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्यावर) आहे, अमेरिकेतली कंपनी नोकरी द्यायला तयार आहे, मग टीएनवर जाता येईल का?

नाही. टीएन हा अमेरिकेत नोकरी करण्यासाठीचा, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या व्यापार करारातून आलेला दर्जा आहे. १९९४ पासून नाफ्ता हा करार होता, २०२० पासून त्याच्या जागी यूएसएमसीए आला. तिथे नागरिकत्व बघतात, मुक्काम नव्हे. पीआर कार्ड कितीही जुनं असो, पासपोर्ट भारताचा आहे तोवर अर्जच करता येत नाही. 'पीआरवरून टीएन' असं पॅकेज कुणी एजंट विकत असेल तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

कॅनडाच्या नागरिकत्वासाठी अर्जाआधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस तिथे राहिलेलं लागतं. पीआरच्या आधी स्टडी किंवा वर्क परमिटवर काढलेला दिवस अर्धा धरतात, तोही एकूण ३६५ पर्यंतच. लग्नसराईला गावी येऊन काढलेले महिने वजा होतात.

नागरिकत्व मिळालं की पुढचं काम तसं सुटसुटीत. वकिलातीतून व्हिसा घ्यावा लागत नाही, एच-१बी व्हिसासारखी लॉटरी नाही, वार्षिक कोटा नाही. नोकरीचं पत्र आणि पदवीची कागदपत्रं घेऊन विमानतळावर किंवा सीमेवर अमेरिकी अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं. एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात, पुढे वाढवता येतात. जोडीदाराला सोबत राहता येतं, पण नोकरी करता येत नाही.

गाडी अडते ती व्यवसायांच्या यादीपाशी. यादीत साठेक व्यवसाय आहेत आणि प्रोग्रॅमर त्यात नाही. आयटीवाले 'इंजिनियर' किंवा 'कॉम्प्युटर सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट' म्हणून जातात. कंपनीच्या पत्रात कामाचं वर्णन निव्वळ कोडिंगचं असेल तर अधिकारी परत पाठवतो. 'इंजिनियर' लिहिलं असेल तर तो इंजिनियरिंगची पदवी शोधतो. चार वर्षांची बीई असेल तर चिंता कमी. बीसीए किंवा बीएस्सी जुनी तीन वर्षांची असेल, तर मूल्यमापनात (परदेशी पदवी अमेरिकी पदवीच्या तोडीची आहे का, या तपासणीत) ती अमेरिकी बॅचलरच्या बरोबरीची धरली न जाण्याचा धोका असतो. अ‍ॅनालिस्टसाठी डिप्लोमा आणि तीन वर्षांचा अनुभव चालतो, पण अनुभवाची पत्रं आधीच्या कंपन्यांकडून वेळेत काढून ठेवा.

आपल्याकडच्या कागदांची एक खास भानगड असते. जुन्या पदवीवर 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' छापलेलं असतं, आता नावात कवयित्री बहिणाबाई चौधरी आहेत. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. नावातला फरक मूल्यमापनाच्या अर्जातच स्पष्ट लिहा. पाटलांची संख्या बघता ते बरंच.

टीएनवर स्वतःची कन्सल्टन्सी चालवता येत नाही. आणि हा दर्जा तात्पुरताच; ग्रीन कार्डचा अर्ज पुढे सरकला की सीमेवर नूतनीकरणाच्या वेळी 'परत जाणार ना?' हा प्रश्न अवघड होतो. शिवाय ग्रीन कार्डची रांग जन्मस्थानावर ठरते. जन्म यावलचा असेल तर पासपोर्ट कॅनडाचा असूनही रांग भारताचीच, म्हणजे लांबलचक. हे बहुतेकांना फार उशिरा कळतं.

शेवटी शेतीचं, कारण वडील मंडळी खरं तर तेच विचारत असतात. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. पासपोर्ट जमा करावा लागतो, मग ओसीआय (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांचं कार्ड) काढता येतं. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र येते, आणि विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. 'नागरिकत्वाआधी बक्षीसपत्र करून सातबाऱ्यावर नाव चढवू' असा बेत काही घरांत असतो. तो जमत नाही: परदेशात स्थायिक झालेल्या मुलाला शेतजमीन बक्षीस म्हणून घेता येत नाही, पासपोर्ट अजून भारताचा असला तरी.