बोर्डावर १९५१, कागदावर १९८६

जिल्हा ग्रंथालय संघाची बैठक अकराची लावली की बारा वाजता सुरू होते, आणि तीनला संपवावीच लागते. ‘ड’ म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाच्या वाचनालयांतून आलेल्यांची परतीची एस.टी. साडेतीन-चारची असते. ती चुकली की थेट रात्रीची मुक्कामाची गाडी. त्यामुळे येणाऱ्या वर्षात कोणते कार्यक्रम आहेत, कोणत्या योजनांचे अर्ज निघालेत, कोणत्या पुरस्कारांसाठी नावं पाठवायची, हे सगळं मला दोन-अडीच तासांत वाचून दाखवायचं असतं. मी तालुक्याच्या गावी ग्रंथपाल आहे. संघाची परिपत्रकं वाचायचं काम माझ्याकडे आलं ते आवाज बरा आहे म्हणून, असं अध्यक्ष सांगतात. दुसरं कोणी तयार नसतं हे ते सांगत नाहीत.

आमच्या जिल्ह्यात ग्रंथालयाचं कुठलंही भाषण १८२८ पासून सुरू होतं. त्या साली रत्नागिरीत वाचनालय निघालं, ते जिल्हा नगर वाचनालय म्हणून आजही चालू आहे. त्याचा अभिमान सगळ्यांनाच आहे, पण अध्यक्षांना १८२८ वरून चालू वर्षापर्यंत यायला अर्धा तास लागतो. त्या दिवशी पाऊण लागला. मागच्या रांगेतले लोक घड्याळ बघायला लागले होते.

मग मी उठलो. जिल्हा अधिवेशन, ग्रंथोत्सव, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन हे भराभर उरकलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्काराचंही सांगितलं. अ, ब, क, ड अशा चारही वर्गांना तो असतो, शहरी वेगळा, ग्रामीण वेगळा. तरी ‘ड’ची माणसं या मुद्द्याला कधी मान वर करत नाहीत. पुरस्कार म्हणजे फाईल, आणि फाईल म्हणजे झेरॉक्सचा खर्च.

बाहेरच्या माणसाला ‘ड’ वर्ग म्हणजे काय ते कळणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. ‘ड’ला वर्षाला ३०,००० रुपये होते. २०२२-२३ पासून ६० टक्के वाढ झाली, म्हणजे ४८,०००. त्यातले निम्मे वेतनासाठी. चोवीस हजार भागिले बारा, महिना दोन हजार. तेही दर महिन्याला हातात पडत नाहीत, कारण अनुदान हप्त्यांनी येतं. वर चढून ‘क’ व्हावं म्हटलं, तर २०१२ च्या सरकारी पडताळणीनंतर दर्जावाढ कित्येक वर्षं बंदच होती. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवा असं एक सूत्र आहे. ग्रंथपालाचं पोट कसं भरावं यावर त्यांनी सूत्र लिहिलं नाही, आणि त्यांचा फोटो मात्र आमच्या प्रत्येक वाचनालयात असतो.

तर सगळं वाचून झालं आणि मी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांवर आलो. हे प्रतिष्ठान केंद्र सरकारचं, कोलकात्याचं. त्याच्या दोन योजना असतात, समान निधी, ज्यात राज्य सरकारही आपला वाटा घालतं, आणि असमान निधी, ज्यात ते घालत नाही. असमान निधीत बालकोपरा, इमारत, फर्निचर असे प्रकार असतात. त्यातच एक असतो महोत्सवी वर्षाचा. वाचनालयाला ५०, ६०, ७५, १००, १२५ किंवा १५० वर्षं झाली असतील तर अर्थसहाय्यासाठी प्रस्ताव पाठवता येतो. हे वाक्य दरवर्षी मी वाचतो आणि दरवर्षी शहरातल्या दोन-तीन जुन्या संस्था सोडल्या तर कोणी काही विचारत नाही.

यंदा मागून हात वर आला. डोंगरातल्या एका गावच्या ताई. बैठकीला येतात, वहीत उतरून घेतात, कधी बोलत नाहीत.

“सर, आमच्या बोर्डावर १९५१ लिवलंय. मग पंचाहत्तर झाली ना?”

मी त्यांच्या वाचनालयाचा कागद काढला. संस्थेची नोंदणी १९८६. शासनमान्यता त्यानंतरची. १९५१ चा कुठे मागमूस नाही. बोर्ड कोणी रंगवला विचारलं तर म्हणाल्या, आधीच्या बोर्डावर होतं तसंच उतरवलं. आधीचा बोर्ड कुठाय? गंजला, भंगारात गेला.

दोघे-तिघे हसले. एक जण म्हणाला, “ताई, बोर्डावर १८२८ टाका, अध्यक्ष लगेच मंजूर करतील.” त्यावर अध्यक्षही हसले. पण ताई बसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दोन पुस्तकं काढली. त्या आल्या होत्या दुसऱ्याच कामाला. कसर लागलेली ही पुस्तकं बाद करता येतील का, आणि ती दाखल रजिस्टरात सापडतच नाहीत तर बाद कशी दाखवायची, हे त्यांना विचारायचं होतं. कामाची माणसं असे प्रश्न घेऊन येतात. परिपत्रकात त्याचं उत्तर नसतं.

पहिलं पान उलटलं आणि मी खुर्ची ओढून बसलो. जांभळ्या शाईचा गोल शिक्का. वर गावाचं नाव, मध्ये ‘मोफत वाचनालय’, खाली ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’. शिक्क्याच्या खाली टाकाने लिहिलेलं: दा. क्र. ४३, ता. १२-५-५३.

आजच्या रजिस्टरात ही पुस्तकं का नाहीत ते लगेच लक्षात आलं. १९८६ ला नोंदणी केली तेव्हा नवं रजिस्टर घातलं आणि एकपासून आकडे सुरू केले. जुनी पुस्तकं नव्या हिशेबात आलीच नाहीत. असं पुष्कळ ठिकाणी झालंय. सरकारदरबारी वाचनालय जन्मलं त्या दिवशी त्याचं आधीचं आयुष्य कपाटाच्या तळाशी गेलं.

आणि तारीख मे महिन्याची. कोकणात मे म्हणजे चाकरमानी. गिरणीत काम करणारी माणसं सुट्टीला गावी यायची, येताना मंडळाच्या वर्गणीतून काही ना काही आणायची. कुठे देवळाला घंटा, कुठे शाळेला घड्याळ. या गावाला पुस्तकं आली. मे १९५३ ला त्रेचाळिसावं पुस्तक दाखल झालं, म्हणजे आधीची बेचाळीस कधीतरी आलीच होती. पण १९५१ ला आली असं त्यावरून म्हणता येत नाही.

“मंडळ अजून हाय का मुंबईला?” अध्यक्षांनी विचारलं. इतका वेळ ते पुस्तक हातात घेऊन शिक्का न्याहाळत होते.

“हाय ना. लालबागच्या चाळीत समद्या गावाची मिळून एक खोली हाय. आमचे मोठे दीर जातात रविवारी.”

तो रविवारच होता. आमच्या बैठका रविवारीच असतात, कारण निम्मे ग्रंथपाल इतर दिवशी दुसरीकडे कामाला जातात.

फोन लागला. पलीकडे भजनाची तयारी चालली असावी, टाळांचा आवाज येत होता. दिरांना आधी वाटलं, गावी काहीतरी वाईट घडलंय. मग वाटलं, वर्गणी मागताहेत. तिसऱ्या खेपेला अध्यक्षांनी फोन घेतला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “तात्या, तुमच्या खोलीत पोटमाळ्यावर ट्रंक असेल बघा. प्रत्येक गावच्या खोलीत असते. त्यात जुन्या वह्या असतील.” अध्यक्षांचे वडील गिरणीत होते हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही जेवून घेतलं. साडेतीन वाजले तशी मंडळी पांगली. ताईंची गाडी गेली. मी दोनदा आठवण केली, पण त्या म्हणाल्या, “आता बघूनच जाते.” त्यांनी घरी फोन करून म्हशीची धार काढायला जावेला सांगितलं.

वाट बघताना प्रमाणपत्र वर्गाचा विषय निघाला. जिल्हा संघाकडून ग्रंथालयाचा प्रमाणपत्र वर्ग चालतो. दहावी झालेल्या कार्यकर्त्याला तो करता येतो, आणि तो केलेला नसेल तर बाकीच्या वाटा अडतात. ताई दहावी आहेत. इतकी वर्षं अर्ज का केला नाही, असं मी विचारलं नाही. महिना दोन हजारांतून जिल्ह्याच्या गावी येण्याजाण्याचा हिशेब मलाही करता येतो. त्या आपणहून म्हणाल्या, “आता बायकांना अर्धं तिकीट झालंय ना, जमंल.” मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मं भाडं लागतं. ग्रंथालय चळवळीसाठी त्या निर्णयाने काय केलं, हे कोणी मोजलेलं नाही. आमच्या वर्गात बायकांची संख्या मात्र डोळ्यांना दिसेल इतकी वाढलीय.

चारच्या पुढे केव्हातरी फोटो आले. एकामागून एक. पिवळी पडलेली, कडा खाल्लेली कीर्द, म्हणजे जमाखर्चाची वही. मी फोटो मोठा केला आणि बघतच राहिलो. अक्षर सुरेख, पण सगळं मोडीत. मंडळाचे हिशेब लिहिणारे कारभारी जुन्या वळणाचे असावेत.

इथे आमच्या वाचनालयाचा मोफत वाचन विभाग कामाला आला. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले एक अण्णा रोज संध्याकाळी तिथे बसून तीन वर्तमानपत्रं वाचतात आणि चौथ्याबद्दल तक्रार करतात. जुनी सातबारा-फेरफाराची कागदं वाचायला लोक त्यांच्याकडे येतात. त्यांना फोन दाखवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, “स्क्रीनवर मोडी वाचायची म्हणजे शिक्षाच,” म्हणाले आणि वाचायला लागले.

वैशाख शुद्ध तृतीया, शके १८७३. म्हणजे मे १९५१ ची अक्षय्य तृतीया. खर्चाच्या बाजूला: गावी वाचनालय स्थापनेकरिता पुस्तके. कपाट लाकडी, एक. हमाली. बोटभाडे. पुढे रुपये-आणे-पै. आण्यांचा हिशेब १९५७ पर्यंतच होता, त्यामुळे वही मागाहून लिहिली असा संशय घ्यायलाही कोणाला जागा राहिली नाही.

“बोटभाडे” ऐकल्यावर अध्यक्ष टेबलावर थाप मारून हसले. भाऊच्या धक्क्यावरून बोटीत चढवलेलं कपाट बंदरात उतरलं असणार, आणि पुढे बैलगाडीने नाहीतर माणसांच्या खांद्यावरून डोंगरात गेलं असणार.

“कपाट हाय ना अजून,” ताई म्हणाल्या. “त्याच्यात पोरांचे चेंडू न् कॅरमच्या सोंगट्या असतात. दार लागत नाय.”

आनंद झाला, नाही असं नाही. पण मी परिपत्रकाचं दुसरं पान वाचलेलं होतं. प्रस्ताव इंग्रजी किंवा हिंदीतच पाहिजे, आणि चार प्रतींत. गावातलं वाचनालय, मराठी पुस्तकं, मोडीतला पुरावा, आणि अर्ज इंग्रजीत. यात कोणाचा दोष आहे असंही नाही. प्रतिष्ठान साऱ्या देशाचं, कोलकात्याला मराठी कोण वाचणार? तरी वाटतं, एवढा एक फॉर्म भरता येत नाही म्हणून किती वाचनालयांनी हे पान न वाचता बाजूला ठेवलं असेल. संघाने अधिवेशनात ठराव करावेत, मागण्या कराव्यात, ते हवंच. पण एखाद्या रविवारी चार माणसं बसून फॉर्म भरून देतील तर ‘ड’ वर्गाला त्याचा उपयोग जास्त होईल, असं माझं मत आहे आणि ते मी अध्यक्षांना तिथेच सांगितलं. ते म्हणाले, “मग भर.”

भरला. संध्याकाळी संगणकाच्या खोलीत बसून मी इंग्रजीत लिहीत होतो आणि ताई एकेक माहिती सांगत होत्या. सभासद किती, त्यात मुलं किती, वर्तमानपत्रं कोणती, छप्पर कशाचं. पुस्तकांची संख्या आली तिथे अडलो, कारण जुनी पुस्तकं धरायची की नाही? शेवटी रजिस्टरातलीच लिहिली आणि जुन्यांसाठी वेगळं टिपण जोडलं. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या मूळ कामालाही लागू पडलं: ती दोन पुस्तकं बाद करायची नाहीत. कसर काढून, कागदात गुंडाळून वेगळी ठेवायची. आता ती पुस्तकं राहिली नव्हती, दाखला झाली होती.

दुसऱ्या दिवशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मोडीचं देवनागरी लिप्यंतर जोडा, वाचणाऱ्याची सही घ्या, मंडळाच्या आजच्या पदाधिकाऱ्यांचं पत्र आणा, शिक्क्याच्या पानांचे रंगीत फोटो लावा, मग प्रस्ताव पुढे पाठवतो, पण वर काय ठरेल ते सांगता येत नाही. यापेक्षा जास्त त्यांनी काही बोलावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. लिप्यंतरावर सही करताना अण्णांनी हुद्दा लिहिला, कंसात ‘निवृत्त’ लिहिलं, आणि मला विचारलं, “ह्याचं मानधन वगैरे?” मग स्वतःच हसले.

प्रस्ताव गेलाय. उत्तर यायचंय. ताईंनी प्रमाणपत्र वर्गाचाही अर्ज दिलाय. पैसे आले तर काय करणार, असं त्यांना कोणीतरी विचारलं, तेव्हा समारंभाचं त्या काही बोलल्या नाहीत. कपाटाच्या दाराचं बोलल्या.

पुढच्या बैठकीच्या नोटिशीत आम्ही एक ओळ वाढवली आहे: येताना वाचनालयातली सर्वांत जुनी दोन पुस्तकं घेऊन या. नोटीस गेल्यापासून फोन सुरू झालेत. परवा खाडीपलीकडच्या एका वाचनालयाचे कार्यवाह विचारत होते, आमचं १९५२ चं आहे, आमचा नंबर लागेल का? त्यांना म्हटलं, पंचाहत्तर वर्षं पुढच्या वर्षी होतील, तेव्हा अर्ज पुढच्या वर्षी करा. पण मुंबईला फोन आजच लावा. लालबाग-परळच्या चाळी पाडायला निघाल्यात, आणि खोली रिकामी करताना ट्रंक उघडून बघायला कोणाला वेळ नसतो.