आमची वाटचाल : टचिंगच्या टेबलावरून

आमच्या डार्करूमची सुरुवात फोटोंच्या साध्या कृष्णधवल छपाईने झाली. गिऱ्हाईक निगेटिव्ह आणून देई, आम्ही एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्हमधून प्रकाश टाकून चित्र मोठं करणाऱ्या यंत्रावर, प्रिंट काढून देत असू. टचिंग हे तेव्हा उरलंसुरलं काम. प्रिंट वाळल्या की ज्याचा हात मोकळा असेल त्याने कुंचला घ्यायचा आणि पांढरे ठिपके बुजवायचे. आज मात्र आमच्याकडचं बरंचसं काम या ठिपक्यांचंच आहे. इतर डार्करूमवालेसुद्धा आपल्या प्रिंट आमच्याकडे टचिंगला पाठवतात.

हा बदल मोठ्या प्रिंटमुळे झाला. ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. तिची १६ बाय २० इंची प्रिंट काढायची तर चित्र जवळजवळ १७ पट वाढतं. डोळ्याला दिसणारही नाही असा कण कागदावर मिलिमीटरभराचा होतो, आणि तो नेमका मोकळ्या आकाशात किंवा गालावर उठून दिसतो. प्रदर्शनासाठी प्रिंट करून घेणारे छायाचित्रकार येऊ लागले, तेव्हा घाईत बुजवलेले ठिपके खपेनात. मग आम्ही टचिंगला वेगळं टेबल, वेगळा दिवा आणि वेगळा माणूस दिला. आमचा सर्वांत चांगला निर्णय कोणता, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन.

त्या टेबलावर बसणारा आधी डाग ओळखायला शिकतो. छापताना निगेटिव्हवर धूळ असेल तर ती प्रकाश अडवते आणि प्रिंटवर पांढरा ठिपका येतो. तीच धूळ फोटो घेताना कॅमेऱ्यात फिल्मवर बसलेली असेल, तर निगेटिव्हवर पारदर्शक भोक राहतं आणि प्रिंटवर ठिपका काळा उमटतो. ओरखड्यांचंही तसंच आहे. फिल्मच्या पाठीवरचा चरा प्रकाश विखुरतो, त्याची पांढरी रेघ होते. इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्र धरणारा थर, खरवडून त्यातली चांदीच गेली असेल तर रेघ काळी. पाठीवरच्या चऱ्यावर जुने प्रिंटर नाकाच्या कडेचं तेल बोटाने हलकंसं लावत. तेलाने चरा भरतो आणि प्रकाश सरळ जातो. ही युक्ती आम्ही अजून वापरतो, छपाईनंतर निगेटिव्ह नीट पुसून ठेवतो. चरे फारच असतील तर एन्लार्जरमध्ये भिंगांनी प्रकाश एकवटणाऱ्या कंडेन्सरऐवजी तो पसरवणाऱ्या डिफ्यूजन हेडवर छापतो, कारण कंडेन्सरचा एका दिशेने येणारा प्रकाश बारीकसा चराही लपू देत नाही.

पांढरा ठिपका भरणं म्हणजे रंग फासणं नव्हे. डाय, म्हणजे कागदात मुरणारा रंग, पातळ करायचा, कुंचला टिपकागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि टोकाने एकेक बिंदू ठेवत जायचं, चित्रातल्या ग्रेनसारखाच, म्हणजे त्यातल्या बारीक कणांसारखा. पहिला थर फिकाच हवा. गडद करणं हातात असतं, फिकं करणं नसतं. आम्ही गडद भागातून सुरुवात करतो. कुंचल्यातला रंग कमी होत जातो तसतसे फिक्या भागाकडे सरकतो. फार बारीक कुंचला घेऊ नये असं माझं मत आहे. त्यात रंग टिकत नाही. थोडा जाड, पण टोक धरून ठेवणारा कुंचला हवा.

काळे ठिपके अवघड. निगेटिव्ह मोठी असेल तर भोकावर ओपेक, म्हणजे प्रकाश अडवणारा रंग, लावतो, म्हणजे प्रिंटवर पांढरं येतं आणि ते डायने भरता येतं. नाहीतर पात्याने अलगद खरवडणं आलं, पण चकचकीत कागदावर त्याची खूण राहते. तिथे आम्ही फेरीसायनाइड आणि हायपो या रसायनांचा, काळेपणा उतरवणारा तो जुना रिड्यूसर वापरतो, जो हॉवर्ड फार्मर यांनी १८८३ मध्ये मांडला. त्यानंतर प्रिंट पुन्हा फिक्स करून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमध्ये बुडवून, पूर्ण धुवावी लागते. हा वेळ आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

पुढे डिजिटल आलं. २००५ मध्ये कोडॅकने कृष्णधवल कागद बंद करत असल्याचं जाहीर केलं, आमचं छपाईचं काम आटलं, नेहमीचा स्पॉटोन डायही बाजारातून गेला. साठवलेल्या बाटल्यांनी बरीच साथ दिली, कारण हा डाय पॅलेटवर वाळला तरी ओल्या कुंचल्याने पुन्हा जिवंत होतो. आता फिल्मकडे वळलेली तरुण मुलं येतात आणि टचिंग शिकायला मागतात. त्यांना आम्ही आधी ब्लोअर आणि मऊ ब्रश देतो. निगेटिव्ह दोन काचांमध्ये धरणाऱ्या एन्लार्जरच्या कॅरियरमध्ये धूळ बसायला काचेच्या चार आणि फिल्मच्या दोन अशा सहा बाजू असतात. त्या साफ करायला लागणारी काही मिनिटं टेबलावरचे तास वाचवतात.

एक मर्यादा आम्ही पहिल्यापासून पाळली आहे. धूळ, केस, चरे काढतो. चेहऱ्यावरचा तीळ किंवा सुरकुती लेन्ससमोर होती, तिला हात लावत नाही. त्यामुळे काही कामं परत गेली, तरीही हा नियम कायम आहे.

टचिंगसाठी प्रिंट पाठवताना पाकिटावर कागद फायबरचा आहे की आरसी (प्लॅस्टिकचा लेप असलेला), टोनिंग (रसायनाने छटा बदलणं) झालं आहे का आणि फिक्सरमध्ये हार्डनर होता का, एवढं लिहा. हार्डनरने कडक झालेलं कागदावरचं जिलेटिन डाय सहज पीत नाही आणि टोनिंगने काळ्याची छटा बदलते, म्हणून टोनिंग करायचं असेल तर ते आधी उरका. आणि निगेटिव्ह कोरड्या कापडाने पुसू नका. धुळीसकट तशीच पाठवा.